ड्रेन बोल्टचा वायसर: नवा टाकायचा की जुनाच लावायचा?

मोटरसायकलचं ऑइल बदलायला इंजिनाखालचा बोल्ट उघडला की त्याच्यासोबत एक छोटा वायसर हातात येतो. तो दरवेळी बदलायचा का? जळगाव-धुळ्याकडच्या गॅरेजांत विचारून पाहा. एक मिस्त्री म्हणेल, "काही गरज नाही, आवळला की बसतो." दुसरा म्हणेल, "कंपनी सांगते म्हणजे बदलायलाच हवा." दोघांचंही बोलणं अर्धवट आहे. वायसर कोणत्या जातीचा आहे आणि आज त्याची अवस्था काय आहे, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नवा मिळत असेल तर नवाच टाका. मिळत नसेल तर काही जातींचे जुने वायसर नीट तपासून पुन्हा लावता येतात, काहींचे अजिबात नाही. पण गाड्यांचं सगळ्यात मोठं नुकसान जुना वायसर लावल्याने होत नाही. जुन्या वायसरातून तेल पाझरायला लागतं आणि ते थांबवायला बोल्ट आणखी आवळला जातो, तिथे होतं. चेंबर, म्हणजे इंजिनाचा तेल साठणारा खालचा भाग, ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. जोर जास्त झाला की आटे चेंबरचे जातात. दहा-वीस रुपयांची चकती वाचवायला जाऊन इंजिनाच्या मूळ अंगालाच इजा होते. म्हणून या लेखात वायसरइतकंच आवळण्याबद्दलही लिहिलं आहे.

वायसर नेमकं काय करतो

बोल्टच्या डोक्याची खालची बाजू आणि चेंबरची बाजू डोळ्यांना सपाट दिसतात, पण दोन्हींवर बारीक चरे आणि उंचवटे असतात. नुसता धातूवर धातू दाबला तर या चऱ्यांमधून गरम, पातळ झालेलं तेल वाट काढतं. आट्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. आटे बोल्ट धरून ठेवतात, तेल अडवत नाहीत. म्हणून मधे बोल्टपेक्षा मऊ धातू ठेवायचा. बोल्ट आवळला की तो मऊ धातू किंचित चेपतो, दोन्ही बाजूंच्या चऱ्यांत शिरतो आणि तेलाची वाट बंद करतो.

जुन्या वायसरची अडचण इथेच सुरू होते. एकदा चेपलेला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर कडक होतो. त्यावर पहिल्या वेळेचा ठसा उमटलेला असतो. दुसऱ्यांदा तो बरोबर त्याच ठशात बसेल याची खात्री नाही, आणि बसला नाही तर नव्याने चेपायला तो पहिल्यासारखा मऊ राहिलेला नाही. मग तेवढ्याच जोराने आवळूनही पाझर राहतो.

हातात आलेला वायसर कोणत्या जातीचा?

ॲल्युमिनियमचा चपटा वायसर आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत १२ मिमीच्या बोल्टखाली हाच असतो. पांढरट, हलका, भरीव. कंपनी तो दरवेळी बदलायला सांगते आणि ते योग्यच आहे. तरी अडचणीच्या वेळी, ठसा हलका असेल आणि आडवा चरा नसेल, तर एकदा पुन्हा लावायला हरकत नाही. त्यापुढे नको.

तांब्याचा चपटा वायसर लालसर, भरीव आणि थोडा जड असतो. भाजून पुन्हा मऊ करता येतो तो हाच. त्याची रीत पुढे सविस्तर दिली आहे.

दुमडीचा वायसर म्हणजे पातळ पत्रा गोल दुमडून केलेली पोकळ कडी. नवा असताना फुगीर दिसतो, काढल्यावर सपाट. चेपण्याचं त्याचं काम पहिल्याच वेळी पूर्ण झालेलं असतं. तो पुन्हा लावू नका, भाजूही नका. फार जुन्या गाड्यांच्या अशा वायसरच्या पोटात ॲस्बेस्टॉस भरलेलं असण्याची शक्यता असते, त्यामुळे तो घासायचा किंवा कापायचाही नाही. सरळ फेकायचा.

लोखंडी कडीच्या आत रबराची ओठी असलेला वायसर काही गाड्यांत मिळतो, बाजारातही सुटा मिळतो. त्यात सीलचं काम रबर करतं आणि लोखंडी कडी रबराला मर्यादेपेक्षा जास्त चेपू देत नाही. रबराला चीर नाही, ते कडीपासून सुटलेलं नाही, नखाने दाबल्यावर परत येतं, एवढं असेल तर तो बऱ्याच वेळा चालतो. आपल्याकडच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर मात्र लवकर कडक होतं, हे लक्षात ठेवा.

काही गाड्यांत ड्रेन बोल्टऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, खाली मोठं टोपण असतं. त्याच्या आत जाळी आणि स्प्रिंग असते आणि बाहेर रबरी ओ-रिंग. ओ-रिंग गोलाकार राहिली असेल तर ठीक. एका बाजूने चपटी झाली असेल तर बदला. बसवताना तिला नवं ऑइल चोपडा, कोरडी बसवली की पिळ पडून तुटते. हे टोपण उघडताना स्प्रिंग आणि जाळी कोणत्या क्रमाने निघाली त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जाळी उलटी बसवलेल्या गाड्या गॅरेजमध्ये येतच असतात.

जात ओळखताना चुंबक जवळ ठेवा. तांब्यासारखा दिसणारा वायसर चुंबकाला चिकटला तर तो लोखंडावर मुलामा दिलेला आहे, भाजून मऊ होणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा साधा लोखंडी वायसर तर इथे कधीच लावू नये. तो बोल्टइतकाच कडक, चेपणार काय?

माप

वायसर आणायला जाताना जुना सोबत न्या. आतलं भोक, बाहेरची कड आणि जाडी, तिन्ही जुळली पाहिजेत. भोक ढिलं असेल तर वायसर एका बाजूला सरकतो आणि आवळताना कडेवर दाब पडतो. जाडी वाढली की बोल्टचे तेवढे आटे चेंबरमध्ये कमी शिरतात. ॲल्युमिनियमऐवजी त्याच मापाचा मऊ तांब्याचा वायसर लावला तर चालतो. भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी स्पेअर पार्टच्या दुकानात आपल्या गाडीचं नाव सांगितलं की मिळून जातो. एक आणू नका, पाच आणा. सीटखालच्या टूलकिटमध्ये प्लास्टिकच्या पुडीत पडून राहतात. पाल किंवा तोरणमाळच्या रस्त्यावर दगड लागून बोल्टाला धक्का बसला तर त्या पुडीची किंमत कळते.

उघडण्याआधी

सपाट जागा, गाडी मोठ्या स्टँडवर. मोठा स्टँड नसेल तर कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत एका कोपऱ्यात तेल राहून जातं.

चेंबरचं पोट आधी साफ करा. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावरून, चारीच्या कडेने गाडी गेली की काळी माती तिथे चिकटते आणि वाळून दगडासारखी होते. कापसाच्या हंगामात त्यात तंतू आणि धूळ मिसळते. बोल्टभोवतीची ही खपली लाकडी काडीने आणि जुन्या टूथब्रशने काढा, मग रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा. यात घाई नको. बोल्ट निघाल्यावर एक कण जरी वायसरच्या जागेवर बसला तर नवा वायसरही गळेल.

इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट उतरतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या दिवसांत उन्हात उभ्या गाडीला तेवढीही गरज नसते. लांबून गाडी चालवत आणली असेल तर उलट अर्धा तास थांबा. उकळतं तेल हातावर आलं की माणूस बोल्ट सोडून देतो आणि वायसर तेलासाठी खाली ठेवलेल्या घमेल्यात बुडतो. हातमोजे घाला. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला चांगलं नाही.

वर ऑइल भरायचं टोपण ढिलं करा. हवा आत गेली की तेल धार धरून पडतं. आणखी एक कारण आहे: वरचं टोपण निघतच नसेल तर ते तेल काढून टाकण्याआधी कळलेलं बरं.

बोल्ट सोडणे

बऱ्याच छोट्या गाड्यांना १७ चा पाना लागतो. रिंग पाना किंवा गोटी पाना वापरा, उघड्या तोंडाचा किंवा ॲडजस्टेबल पाना नको. डोक्याचे कोपरे एकदा गोल झाले की पुढचं प्रत्येक ऑइल बदलणं डोकेदुखी होते.

दिशेचा घोटाळा इथे हमखास होतो. बोल्ट खालून आहे आणि आपण वरून वाकून पाहतो, म्हणून डावं-उजवं उलटं वाटतं. नेहमी बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून विचार करा आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. बोल्ट निघत नाही म्हणून जोर लावत राहणारा माणूस कित्येकदा तो आवळत असतो.

एकदा ढिला झाला की बोटांनी फिरवा, आणि फिरवताना बोल्ट आत दाबून धरा. शेवटचा आटा सुटल्याचं बोटाला कळतं. मग एका झटक्यात बाजूला घ्या. असं केलं की हात कमी भरतो आणि बोल्ट घमेल्यात पडत नाही.

आता तेल निथळू द्या. दहा-पंधरा मिनिटं, धार संपून थेंब लांबून लांबून पडेपर्यंत. या वेळात वायसर बघा.

वायसर कुठे आहे?

हा प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नाही. बोल्टसोबत वायसर आला नसेल तर तो चेंबरला चिकटलेला असतो. वर्षानुवर्षं आवळला गेलेला ॲल्युमिनियमचा वायसर चेंबरच्या रंगात इतका मिसळतो की तो चेंबरचाच भाग वाटतो. तो तसाच ठेवून वर नवा लावला की दोन वायसर होतात, सीलच्या जागा वाढतात आणि तेल गळतं. नवा वायसर लावूनही गळतं अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच पाहीन. बोट फिरवा, कड लागते का बघा. लागली तर नखाने किंवा लाकडी पाचरीने सोडवा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, चेंबरवर पडलेला चरा कायमचा राहतो.

तपासणी

जुना वायसर पुसून उजेडात धरा. त्यावर बोल्टच्या डोक्याचा गोल ठसा दिसेल. गोल ठसा असणं स्वाभाविक आहे. पाहायचा आहे तो आतून बाहेर जाणारा, म्हणजे भोकापासून कडेपर्यंत पोचणारा चरा. गोल चऱ्याने तेल गोलगोल फिरेल, बाहेर येणार नाही. आडव्या चऱ्यातून मात्र सरळ बाहेर येतं. नख वायसरवर गोल फिरवा. ज्या ठिकाणी ते अडकतं तिथे चरा आहे. मग वायसर काचेच्या तुकड्यावर ठेवून एका कडेला दाबा. डुगडुगला तर वाकलेला आहे.

आडवा चरा, वाक, कडेला चीर, किंवा एका बाजूला जास्त चेपलेला: यातलं एकही दिसलं तर तो वायसर बाद. काही जण वायसर उलटा करून लावतात. उलटल्याने धातू मऊ होत नाही.

तीच नखाची तपासणी चेंबरच्या जागेवर आणि बोल्टच्या डोक्याखाली करा. बोल्टचे आटे फडक्याने पुसून जवळून पाहा. आट्यांमध्ये चांदीसारखी चकचकीत तार किंवा चुरा अडकला असेल तर तो चेंबरचा ॲल्युमिनियम आहे. म्हणजे आटे ओढले जायला सुरुवात झाली आहे, आवळताना हात आणखी राखून ठेवावा लागेल.

बोल्टच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, मलमासारखा थर असतो. तेवढी झीज सगळ्या इंजिनांत होते. टोचणारे तुकडे किंवा पापुद्रे सापडले तर मात्र इंजिन दाखवून घ्या.

तांब्याचा वायसर भाजणे

चेपून कडक झालेलं तांबं तापवून लाल केलं की पुन्हा मऊ होतं. त्याच्या आतली ताणलेली रचना तापवल्यावर नव्याने बसते. पोलाद तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं, तांब्याचं तसं नाही. पाण्यात विझवा की हवेत थंड करा, ते मऊच राहतं. पाण्याचा फायदा इतकाच की वरची काळी खपली सुटते.

आधी वायसर चांगला धुऊन त्यावरचं तेल काढा, नाहीतर धूर होईल. जाड लोखंडी तारेत अडकवा. गॅसची शेगडी किंवा ब्लो टॉर्च चालते. अंधाऱ्या खोलीत करा, कारण भर उजेडात फिकट लाल रंग दिसत नाही आणि माणूस गरजेपेक्षा जास्त तापवत राहतो. वायसर सगळीकडून सारखा मंद लाल दिसला की बस्स. पिवळा होईपर्यंत नेऊ नका. मग पाण्याच्या भांड्यात सोडा.

मऊ झाला का हे कानाने कळतं. भाजण्याआधी वायसर फरशीवर टाकून पाहा, टण्ण वाजतो. भाजल्यावर तोच वायसर थप्प असा पडतो, नाद नाहीसा झालेला असतो. अजून वाजत असेल तर पुन्हा तापवा.

शेवटी काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर वायसर गोल गोल घासा. पुढे-मागे घासलं तर आपणच आडवे चरे पाडतो. दोन्ही बाजू एकसारख्या तांबूस दिसल्या की पुसून घ्या. प्रत्येक खेपेला वायसर थोडा पातळ होतो, त्यामुळे हे कायम चालणारं नाही. नव्याच्या शेजारी धरून जाडी पाहा, फरक डोळ्यांना दिसू लागला की नवा आणा.

ॲल्युमिनियमवर हा प्रयोग करू नका. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याआधी तांब्यासारखा लाल रंग दाखवत नाही. काही कळायच्या आत आकार बिघडतो. तांबं १,०८५ अंशांना वितळतं, म्हणून तिथे हाताशी बराच वाव असतो.

बसवणे आणि आवळणे

चेंबरची जागा, बोल्ट आणि वायसर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. आट्यांवर शेलॅक, एम-सील, टेफ्लॉन टेप काही लावू नका. टेपचा तुकडा आत सुटला तर तो तेलाच्या जाळीत जाऊन बसतो. शिवाय टेप आणि वंगणामुळे आटे गुळगुळीत होतात आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

बोल्ट नेहमी बोटांनी सुरू करा. पहिले चार-पाच आटे पाना न लावता फिरले पाहिजेत. अडलं तर काढा, आटे पुसा, पुन्हा लावा. आटा तिरका चढला असताना पाना लावला की चेंबर कापलं गेलंच समजा.

आता जोर किती? १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या १२ मिमी ड्रेन बोल्टला कंपन्या साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर सांगतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा आणि तोच धरा. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, असेल तर प्रश्नच मिटला. पण तो गावातल्या प्रत्येक घरी असत नाही. त्याऐवजी आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात वजनाचा जो लटकता काटा नेतात, त्याने हे काम बिनचूक होतं.

रिंग पान्यावर बोल्टच्या मध्यापासून बरोबर २० सेंटीमीटरवर खूण करा आणि तिथे सुतळीचा फास घट्ट बांधा. फासात काट्याचा हूक अडकवा. पान्याशी काटकोन ठेवून काटा सावकाश ओढा. २० सेंटीमीटरच्या अंतराला न्यूटन-मीटरचा आकडा जवळपास निम्मा केला की किलो मिळतात: २० न्यूटन-मीटरला सुमारे १० किलो, २४ ला सुमारे १२, ३० ला सुमारे १५. काटा तेवढा दिसला की थांबा. झटका द्यायचा नाही, काटकोन सोडायचा नाही. पाना सरकू नये म्हणून दुसऱ्या हाताने त्याचं तोंड बोल्टवर दाबून धरा. बोल्ट चेंबरच्या बाजूला असेल तरी रीत तीच, ओढण्याची दिशा फक्त बदलते.

हे एकदोनदा करून पाहिलं की १२ किलोची ओढ किती कमी असते ते हाताला कळतं. बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण सवयीचा हात याच्या दुप्पट लावत असतो. पान्याला पाइप लावून आवळणारे किती लावत असतील याचा विचार करा.

काटाही नसेल तर पाना मधोमध धरा, टोकाला नको. नवा चपटा वायसर चेपताना हाताला मऊ लागतो, मग एका क्षणी कडक लागतो. तिथे थांबा. दुमडीचा नवा वायसर चेपायला बराच जास्त फिरवावा लागतो, तो ढिला वाटला म्हणून घाबरू नका, पण जोराची मर्यादा त्यालाही तीच.

ऑइल भरून पाहणे

मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं आणि तेवढंच ऑइल भरा. मोटरसायकलचा क्लच याच तेलात बुडालेला असतो, म्हणून मोटरसायकलसाठीचंच ऑइल घ्या, कारचं नको. हिरो-होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ऑइलची पट्टी तपासताना टोपण आटे न आवळता नुसतं टेकवून मोजतात. आवळून मोजलं तर पातळी जास्त दिसते आणि तेल कमी राहतं.

बोल्टभोवतीचा भाग कोरडा पुसा, इंजिन तीन मिनिटं चालवा, बंद करा आणि बोटाने बोल्टची कड चाचपा. मग खाली पांढरा कागद किंवा पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी दहा-वीस किलोमीटर फिरवून पुन्हा बघा.

तरीही गळालं तर

"भाऊ, तेल गयी राह्यनं" म्हणत माणूस गॅरेजला परत येतो आणि तिथे बोल्टला आणखी अर्धा फेरा बसतो. त्या अर्ध्या फेऱ्याआधी हे तेल खरंच बोल्टखालूनच येतंय का ते पाहा. इंजिनात सगळ्यात खाली ड्रेन बोल्ट आहे. क्लच कव्हरच्या पॅकिंगमधून, गिअरच्या दांडीच्या सीलमधून किंवा चेनच्या पुढच्या चक्राजवळून गळलेलं तेलही ओघळून तिथेच येतं आणि ठिबकतं. पोट पूर्ण पुसून कोरडं करा, सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन चालवा. पावडर जिथे सगळ्यात आधी ओली होईल तिथून गळती आहे.

बोल्टच असेल तर काट्याने एकदा आकडा तपासा. कमी भरला तर सांगितलेल्या आकड्यापर्यंत आवळा. आकडा बरोबर असूनही पाझरत असेल तर आवळून उपाय होणार नाही. धुतलेल्या स्वच्छ भांड्यात तेल काढा, जागा पुन्हा पुसा, नवा वायसर लावा आणि तेच तेल परत भरा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आवळताना बोल्ट घट्ट न होता फिरतच राहिला, किंवा घट्ट होता होता एकदम हलका झाला, की आटे गेले. तिथेच थांबा. जाडा, स्वतःच आटे पाडणारा बोल्ट ठोकून देणं हा तात्पुरता इलाज आहे, तो दरवेळी ॲल्युमिनियमचा चुरा आत टाकतो. चांगल्या लेथवाल्याकडून भोक मोठं करून त्यात स्टीलच्या तारेचं हेलिकॉइल किंवा भरीव बुश बसवून घ्या. मूळ मापाचा बोल्ट परत लागतो आणि आटे आधीपेक्षा मजबूत होतात. टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, ग्रीस लावून काम करायला सांगा, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. नंतर वरून थोडं स्वस्त ऑइल ओतून खालून वाहू द्या आणि मगच बोल्ट लावा.

जुनं तेल आणि गॅरेजवाला

काढलेलं जळकं तेल डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते गोळा करणाऱ्यांकडे जातं. चारीत, नाल्यात किंवा गोठ्यामागे ओतू नका. आपल्याकडे विहीर शेतातच असते आणि मातीत मुरलेलं तेल तिच्याकडेच उतरतं. वाळवी लागू नये म्हणून खांबांना जळकं तेल चोपडण्याची पद्धत आहे. विहिरीजवळ आणि जनावरं चाटतील अशा जागी तेही करू नका.

स्वतः करायचं नसेल तर गाडी देताना वायसरची पुडी मिस्त्रीच्या हातात द्या आणि म्हणा, "मिस्त्री, हा नवा लावा, जुना मला दाखवा." कुणी रागावत नाही, उलट बहुतेक जण नीट काम करतात. जुना वायसर हातात आला म्हणजे तो चेंबरला चिकटून राहिलेला नाही हेही कळतं. आणि बोल्ट आवळायच्या वेळी जवळ उभे राहा. पान्याला पाइप लावायला निघाला तर तिथेच "राहू द्या, एवढं पुरे" म्हणा.